खुर्चीची नाडी

नवरा-बायकोनं भर अंगणात, दिवसाउजेडी, एकमेकांचा हात धरून बसायची रीत पिंपळशेंड्यात नव्हती. अंधारात फार होती अशातलाही भाग नाही. पण भगवंतराव गावंडे आणि मैनाबाई श्रावणापासून रोज सकाळी तसे बसत, आणि गाव ते फुकटात पाहून घेई.

बसत म्हणजे कसे, तर भगवंतराव खाटेच्या काठावर, तोंड गोठ्याच्या भिंतीकडं. एक हात मागं सोडलेला, जसा काही तो हात दुसऱ्याच कोणाचा आहे आणि ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. मैनाबाई खाली पाटावर. मांडीवर लेकाचं जुनं घड्याळ, ओठ हलताहेत, भुवया कपाळात चढलेल्या. त्या वेळी कोणी हाक मारली तरी ती ओ देत नसे. समोरच्या घरचा देवमन नेमका तेव्हाच कडुलिंबाची काडी चावत ओट्यावर येई.

"काय भगवंतभाऊ, पुन्हा लगन लागून राहिलं काय?"

रोज हेच विचारी आणि रोज स्वतःच हसे. भगवंतरावाचे कान तांबडे होत. मैनाबाईला त्याचं काहीच वाटत नव्हतं. हाताला नाडी लागते ना, मग बाकीच्यांनी पाह्याचं ते पाहो, एवढं साधं तिचं म्हणणं होतं.

झालं होतं असं, की आषाढात कपाशीतलं तण काढायला डवरा धरलेला असताना भगवंतरावाला मळमळायला लागलं. बैल उभे करून तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आला, खाली बसला आणि ओकला. ते रक्त होतं. काळंलाल, गाठीगाठीचं, तांब्याभर तरी असेल. मैनाबाई चार तासांपलीकडं, चार ओळी सोडून, निंदत होती. तिनं येऊन पदरानं त्याचं तोंड पुसलं, पदराकडं पाहिलं आणि तिथंच चिखलात बसली. मग देवमननं, त्याच टवाळ देवमननं, भगवंतरावाला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणलं. लेक श्याम नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात होता, तो तिकडून थेट अमरावतीच्या दवाखान्यात पोचला.

दवाखाना डॉक्टर माधवी तायडे यांचा. बाई दर्यापूरकडच्या, खेड्यात वाढलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तोंडातून नळी घालून फुटलेली शीर रबराच्या कडीनं बांधली, आणि चार दिवसांनी भगवंतरावाला जरा डोळे उघडता आले तेव्हा कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. आतड्यांकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेनं लिव्हरात जातं. भगवंतरावाच्या लिव्हरातल्या बारीक वाटा आवळल्या होत्या. कशानं, ते तपासून सापडलं नाही; दारूनं नाही एवढं नक्की. पुढं वाट नाही म्हणून रक्त मागं तुंबलं, त्या शिरेतला दाब वाढला, आणि अन्ननळीतल्या शिरा फुगून त्यातली एक फुटली.

भगवंतरावानं पडल्या पडल्या विचारलं, "म्हंजे तुषारच्या पाइपावानी? फिल्टर चोंदला का मांगचा जोड फुटते, तसं?"

डॉक्टरबाई खूश झाल्या. अगदी तसंच म्हणाल्या. तो फिल्टर काही आपल्याला धुता येत नाही. पण मोटर हळू चालवली तर जोड फुटत नाही. ती मोटर म्हणजे काळीज, आणि ती हळू चालावी, शिरेतला दाब उतरावा म्हणून ही प्रोप्रानोलॉलची गोळी. रोज घ्यायची, जन्मभर म्हटलं तरी चालेल, आणि आपल्या मनानं एक दिवसही सोडायची नाही. गोळी पुरते की नाही ते नाडी सांगते. नाडी साठीच्या आसपास आली पाहिजे. पन्नासच्या खाली गेली तर गोळी न देता फोन करायचा, वर राहिली तरी कळवायचं. नाडी जागेवर बसली की वावरातलं कामही करता येईल, फक्त ओझं उचलायचं नाही.

हे शेवटचं मैनाबाईनं पदराच्या गाठीत बांधावं तसं बांधलं. घरी आल्या आल्या तिनं कायदाच केला. नाडी साठीवर येऊन बसेपर्यंत भगवंतरावानं बैलाच्या कासऱ्याला हात लावायचा नाही.

गावात मात्र निकाल आधीच लागून गेला होता. लिव्हर म्हटलं की दारू, ह्यापलीकडं गावाला लिव्हर माहीत नव्हतं. भगवंतराव तर सुपारीसुद्धा खात नसे. तरी भेटायला येणारा माणूस रामराम करायच्या आधी नाक फुगवून वास घेई. मैनाबाईच्या चुलत भावानं तर तिला आडोशाला नेऊन विचारलं, की बाई, भाऊजी लपून पेत होते काय? तिनं त्याला चहा न देता वाटेला लावला. त्या दिवसापासून भगवंतरावानं पारावर जाणं सोडलं आणि गोठ्यात बैलांजवळ बसू लागला.

बैल म्हणजे लखन आणि पाखऱ्या. एक पांढरा, एक कबरा. भगवंतरावानं दोघांनाही गोऱ्हे असताना आणलं आणि स्वतः औताला वळवलं. ह्या जोडीच्या मागं तो तिफण धरी तेव्हा तास असा सरळ जाई, की पलीकडच्या वावरातले लोक आपलं काम सोडून पाहत. तालुक्यात कोणी त्याला ओळखो न ओळखो, पिंपळशेंड्यात पेरणी म्हटली की भगवंतरावाचं नाव निघे. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेवढं त्याला पुरत होतं.

नाडी पाहायचं मैनाबाईला गावच्या आरोग्यसेविकेनं, आशाताई म्हणून काम करणाऱ्या चंदानं शिकवलं. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवायची, फार दाबायचं नाही, घड्याळाचा काटा फिरेपर्यंत मोजायचं. मैनाबाई पहिल्या दिवशी घामाघूम झाली. आठ दिवसांत तिचा हात बसला. श्रावण सरता सरता नाडी सत्तरवर आली, भादव्यात त्याहून खाली उतरली, आणि मैनाबाईनं पोळ्याला केल्या नव्हत्या इतक्या पुरणपोळ्या उगाच एका साध्या बुधवारी केल्या. भगवंतरावाचा चेहरा उजळला. हरभऱ्याच्या पेरणीला तिफण आपणच धरणार, असं तो लखनला सांगताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मग दसरा आला. कपाशी फुटली. वावरात दहीभात नेऊन, कपाशीच्या पऱ्हाटीला हळदकुंकू लावून सीतादहीची पूजा झाली आणि कापसाचा वेचा सुरू झाला. चंदा तोवर बाळंतपणाला माहेरी धामणगावला गेली होती. आता वेचणी म्हणजे बोटांचं मरण. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, कातडं चिरतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चिरेत पुन्हा तेच टोक जातं. मैनाबाई दरसाल करी तसंच तिनं केलं. सकाळी भाकरी बांधून झाल्या की हळद-तेलात भिजवलेल्या चिंध्या बोटांना गुंडाळायच्या, दातानं गाठ मारायची. अंगठा तेवढा मोकळा. तयारी झाली, की मग निघता निघता पाटावर बसून नवऱ्याची नाडी.

आणि नाडी चढली. एकदम ऐंशीच्या घरात गेली. मैनाबाईला वाटलं मोजण्यात चुकलं. दुसऱ्या दिवशी तेवढीच. तिसऱ्या दिवशी त्याहून वर. श्यामनं दवाखान्यात फोन केला. गोळ्या घेतात ना, चुकवत तर नाहीत, असं त्यांनी विचारलं आणि एक गोळी वाढवली. वाढवलेल्या गोळीनं नाडी उतरायची ती आणखीच चढली. मैनाबाईनं मीठ कमी केलं, तिखट बंद केलं, देवीला बोलून पाहिलं. पंधरवड्यानं पुन्हा फोन झाला आणि पुन्हा गोळी वाढली.

आता भगवंतराव दिसायला लागला होता तो भलताच. हातपाय थंडगार. खाटेवरून उठला की भिंत धरून उभा राही, डोळ्यांपुढचा अंधार जाईपर्यंत. बोलायला घेतलेलं वाक्य अर्ध्यातच सोडून देई. जेवताना घास हातात धरून बसे. मैनाबाई रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून पाही आणि हात काढायला तिला भीती वाटे. दुखणं वर चढून राहिलं, गोळीचं काही चालत नाही, असंच तिनं धरलं होतं. वेचताना बाया विचारत, काकू, आज हात काय म्हणते? तर ती गोण अशी कचकन आवळी की बाया पुढं काही विचारत नसत.

सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. जमिनीत ओल होती, पण ऊन असं पडत होतं की मातीचा वरचा पदर रोज थोडा अधिक वाळत होता. हरभरा पडायचा तर आताच. सुटीच्या दिवशी श्याम मोटारसायकलवर आला. बापाला पाहून त्याचं तोंड उतरलं, आणि जेवण झाल्यावर त्यानं मनातलं काढलं. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं झालं होतं. एका दुपारीत सगळं रान पेरून होईल. आणि पेरणी ट्रॅक्टरनंच होणार तर बैल कोणासाठी पोसायचे? आई वेचायला जाते, बाबा खाटेवर. चारा-पाणी कोण करन? मूर्तिजापूरच्या बाजारात चांगली जोडी अजून जाते.

पोराचं काही वाईट म्हणणं नव्हतं. मैनाबाईलाही ते कळत होतं. भगवंतरावानं ऐकून घेतलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आठ रोज थांब. नाडी उतरली त मी पेरतो. नाही उतरली त ने बैल."

त्यानं बायकोकडं पाहिलं. तिच्या हातात होतं जसं काही. मैनाबाई ताटं उचलून आत गेली आणि चुलीपुढं बसून रडली.

त्याच आठवड्यात तो पडला. सकाळची नाडी अठ्ठ्याऐंशी मोजून मैनाबाई निघाली होती, आणि वेशीपर्यंतही पोचली नसेल. भगवंतराव पाखऱ्याच्या पुढ्यात कडबा टाकायला वाकला, सरळ झाला आणि तसाच मागं कोसळला. पाखऱ्यानं मान वळवून हुंगलं, पण पाय हलवला नाही. देवमन ओट्यावरून धावला. ह्या वेळी पाठीवर न घेता तो सरळ भाड्याची गाडीच दारात घेऊन आला. मैनाबाई वाटेतूनच परत धावली, आणि कमरेला ओटी बांधलेली, बोटांना चिंध्या, तशीच गाडीत बसली. अमरावती येईपर्यंत तिनं नवऱ्याचा हात सोडला नाही.

दवाखान्यात नर्सबाईनं रक्तदाब पाहिला, तो कमी. नाडी पाहिली आणि कागदावर लिहिली, शेहेचाळीस.

मैनाबाई म्हणाली, चूक हाय. सकाळी अठ्ठ्याऐंशी होती, मी सोता मोजली. नर्सबाई गरीब स्वभावाची, तिनं पुन्हा मोजली. शेहेचाळीस. मैनाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही शिकलेल्या पोरीला एवढंही येत नाही. तेवढ्यात डॉक्टर तायडेबाई आल्या. त्यांनी स्वतः भगवंतरावाचं मनगट धरलं, छातीला नळी लावली, बोटाला चिमटा लावला. सगळीकडं तेच. त्यांनी मैनाबाईला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, की नाडी चढायला कधीपासून लागली?

दसऱ्यापासून, असं मैनाबाईनं सांगितलं.

"मला दाखवा बरं, कशी मोजता ती."

मैनाबाई पुढं सरकली. एवढे दिवस केलेलं काम, त्यात काय दाखवायचं. चारही बोटं चिंध्यांत. तिनं मोकळा अंगठा नवऱ्याच्या मनगटावर टेकवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि ओठ हलवायला लागली. डॉक्टरबाई त्या अंगठ्याकडं पाहत राहिल्या.

"किती?"

"नव्वदच्या वर गेली, बाई."

"आता त्यांचा हात सोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि अंगठा ह्या खुर्चीच्या हातावर ठेवा. तसाच, दाबून."

खुर्ची लाकडाची होती, हात घासून गुळगुळीत झालेले. मैनाबाईला हे काय चाललंय ते कळेना, पण डॉक्टरचं म्हणणं. तिनं अंगठा टेकवला. आधी तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग भुवया हळूहळू वर गेल्या. ओठ हलायला लागले. घड्याळाचा काटा पूर्ण फिरला तरी ती अंगठा उचलेना.

"लागते काही?"

"लागते."

"किती?"

"तेवढीच." मैनाबाईनं अंगठा उचलला, अंगठ्याकडं पाहिलं, मग खुर्चीकडं. "बाई, ह्या खुर्चीले कायची नाडी?"

पहिल्यांदा हसला तो भगवंतराव. पलंगावर उताणा पडलेला, पांढराफटक, पण पोट हलायला लागलं त्याचं. मग नर्सबाई हसली. डॉक्टरबाईंनी स्वतःला आवरलं आणि सांगितलं, की अंगठ्याला स्वतःची ठसठशीत नाडी असते, म्हणून अंगठ्यानं दुसऱ्याची मोजत नाहीत. भादव्यापर्यंत मैनाबाई बोटांनी मोजत होत्या, तेव्हा नाडी भगवंतरावाची होती आणि ती उतरलीच होती. गोळी तेवढीच पुरत होती. दसऱ्यापासून बोटांना चिंध्या बांधल्या आणि अंगठा लागला. तेव्हापासून रोज सकाळी मैनाबाई स्वतःचीच नाडी मोजत होत्या, आणि औषध वाढत होतं नवऱ्याचं.

मैनाबाईच्या हे डोक्यात उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"म्हंजे मीच यायले माह्या हातानं पाडलं."

डॉक्टरबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, तुम्ही एक दिवस चुकवला नाही, एक गोळी चुकवली नाही, म्हणून हा माणूस आषाढानंतर पुन्हा रक्त ओकला नाही. माणूस समोर न पाहता फोनवर दोनदा गोळी वाढवली ती मी. ती चूक माझी, तुमची नाही. मग त्यांनी मैनाबाईचं मनगट हातात घेतलं आणि नाडी पाहिली, आणि विचारलं, की पण तुमची का एवढी पळते? काही त्रास होतो का?

मैनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. जमिनीकडं पाहत बोलली.

"त्रास काही नाही, बाई. भेव वाटे. रोज हात धरायच्या आंधी वाटे, आज हात धरन आन् काही लागनारच नाही."

भगवंतरावाचं हसू थांबलं होतं. त्यानं पलंगावरून हात काढला आणि दाराशी देवमन उभा होता तरी बायकोच्या डोक्यावर ठेवला. तीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. देवमन बाहेर जाऊन उभा राहिला, आणि त्याला उगाच खोकला आला.

दोन दिवस ठेवून घेतलं. गोळी पहिल्याइतकी केली. दुसऱ्या दिवशी भगवंतराव भिंत न धरता चालला, आणि दवाखान्याच्या वरणाला चव नाही अशी तक्रार केली तेव्हा मैनाबाईला खरं हायसं वाटलं. निघायच्या आधी नळी घालून पुन्हा तपासलं. फुगलेल्या शिरा बऱ्याच बसल्या होत्या. गोळी काम करत होती, सगळा वेळ करत होती. तिफण धरू का, असं भगवंतरावानं विचारलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या धरा, हळूहळू. पण जू उचलायचं नाही, बियाण्याचं पोतं उचलायचं नाही, आणि डोकं हलकं वाटलं की बसायचं. मैनाबाईला त्यांनी चिंध्या सोडायला लावल्या आणि बोटांना मलम दिलं.

येताना एसटीत भगवंतरावानं शेजारच्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. मूर्तिजापूर येईपर्यंत अर्ध्या गाडीला खुर्चीची गोष्ट माहीत झाली होती. मैनाबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते. वाहक म्हणाला, काकू, माह्या सीटचीबी नाडी पाह्यता का जराशी? तेव्हा तिला राहवलं नाही, ती मोठ्यानं हसली.

गावात तर विचारूच नका. देवमननं आधीच पोचून रान पेटवलं होतं. पोरं घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन गावंड्याच्या अंगणात आली, की मोठी माय, हिची मोज, हिले ताप वाटून राहिला. सरपंचाच्या बायकोनं पंचायतीतल्या खुर्चीची चौकशी केली. मैनाबाईनंही मग लाज सोडली, एकेका खुर्चीवर अंगठा ठेवून ती गंभीरपणे सांगे, ही वाचत नाही. आणि ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली, की भगवंतरावाच्या दारूबद्दल बोलायचं गाव विसरून गेलं. एवढी चांगली गोष्ट हाताशी असताना ती शिळी कोण उगाळतो? भेटायला आलेला माणूस आता वास घेत नसे, आधी खुर्ची मागून घेई. भगवंतराव संध्याकाळी पारावर जाऊन बसायला लागला.

आठ रोज सरले होते. श्याम सुटी टाकून आला तेव्हा भगवंतराव वावरात वाकून, माती उकरून ओल पाहत होता. वरची चार बोटं माती वाळली होती, खालची मुठीत दाबून बसत होती. त्यानं मूठ उघडून लेकाला दाखवली. श्यामनं ती माती पाहिली, बापाचा चेहरा पाहिला, मग जरा बाजूला जाऊन ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. काय बोलला ते मैनाबाईला ऐकू आलं नाही. परत आला आणि कपाळ खाजवत म्हणाला, "जू मी उचलतो, बाबा. तुमी नुसतं धरा."

दुसऱ्या सकाळी बैल जुंपले. श्यामनं जू ठेवलं, पोतं आणलं, तिफण ओढून तासाच्या तोंडाशी लावली. इतके दिवस गोठ्यात उभी असलेली जोडी, लखन नुसता फुरफुरत होता. भगवंतरावानं तिफणीला हात लावून नमस्कार केला, कासरा धरला आणि जिभेनं एक आवाज काढला. बैल निघाले. मैनाबाई शेजारून चालत होती, ओटीत हरभरा, मोकळ्या बोटांनी तिफणीवरच्या चाड्यात मूठ सोडत. चिरा बुजत आल्या होत्या. दाणे बोटांना लागत होते आणि सरसर नळ्यांतून खाली जात होते.

सुरुवातीला ती त्याच्या पायांकडं पाहत चालली. पाय कुठं अडखळतो का, चाल कुठं मंदावते का. तो हळूच चालत होता, घाई नव्हती, पण पाय जिथं टाकायचा तिथं पडत होता. निम्म्या वावरात गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण पायांकडं पाहायचं केव्हाच सोडलं आणि तोंडातल्या तोंडात गाणं म्हणून राहिलो. पलीकडच्या धुऱ्याशी बैल वळायच्या आधी भगवंतरावानं मागं पाहिलं. तिनंही पाहिलं. काळ्या रानात तास ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही न वाकता गेला होता. देवमन त्याच्या वावरात काम सोडून तासाकडं पाहत उभा होता.

"बसा," मैनाबाई म्हणाली. "हात आना."

तो धुऱ्यावर बसला. ह्या वेळी त्यानं भिंत शोधली नाही, आणि वावरात भिंत नव्हतीही. तिच्याकडं तोंड करून बसला आणि हात तिच्या हातात दिला. तिनं तीन बोटं ठेवली. श्यामनं मोबाइलमधली वेळ धरली. नाडी साठीच्या जराशी वर होती. काम केल्यावर एवढी चालते, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं. ठोका एकेक, मधे पुरती जागा सोडून, शांतपणे बोटांवर येत होता. मैनाबाई मोजणं झाल्यावरही थोडा वेळ बोटं तशीच ठेवून बसली.

मग भगवंतरावानं तिचंच मनगट उलटं करून धरलं.

"आता तुयी दाखव."

"मले काय झालं? पोरगा पाहून राहिला."

"पाहू दे."

त्याची बोटं जाड, मातीनं भरलेली. त्याला नाडी सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा तो मान खाली घालून मोजायला लागला, ओठ हलवत, अगदी तिच्यासारखा. मोजता मोजता थांबला आणि काळजीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"भल्ली पळून राहिली वं."

"पळू द्या," मैनाबाई म्हणाली. "आज भेवाची नाही."

श्यामनं कासरा उचलला, बैलांना स्वतःच वळवलं आणि दुसऱ्या तासाच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. आईबापाला त्यानं हाक मारली नाही. भगवंतरावानं आकडा चुकवला होता, आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.